भरती-ओहोटीच्या जमिनीची अदलाबदल: किनारा देऊन किनारा घेता येतो का?

खारेपाटची_लेक

नमस्कार मंडळी. इतके दिवस नुसती वाचत होते, आज धागा काढायची वेळ आली.

माझं माहेर पेणच्या खारेपाटातलं. खाडीचं पाणी आणि भात यांच्या भांडणात वाढले. आता सॅन फ्रान्सिस्को बेच्या काठावरच्या एका लहान गावात राहते. आमच्या नगरपालिकेपुढे सध्या एक प्रस्ताव आहे. १९५० च्या दशकात बेमध्ये भराव टाकून तयार केलेली एक पट्टी आहे. तिच्यावर आज जुनी गोदामं, उखडलेलं डांबर आणि पार्किंग. जमीन सरकारी, पण साधी सरकारी नाही. इथे तिला पब्लिक ट्रस्टची जमीन म्हणतात. पूर्वी जिथवर भरतीचं पाणी यायचं, तिथवरची जमीन राज्याने सगळ्या लोकांच्या वतीने सांभाळायची, वर कितीही भराव पडला तरी. तिच्यावर बंदर, धक्का, बाग, मासेमारी, पक्ष्यांसाठी दलदल असं सगळं चालतं. घरं चालत नाहीत, कारण घर बांधलं की जागा एका कुटुंबाची झाली.

बिल्डरला तिथे घरं हवीत. बदल्यात तो गावाच्या दुसऱ्या टोकाचं आपल्या मालकीचं खाजण सरकारला देणार. तिथे अजून दिवसातून दोनदा पाणी येतं. म्हणजे ट्रस्ट पट्टीवरून उठणार आणि खाजणावर बसणार. खाजण आकाराने मोठं आहे, किमतीतही कमी नाही.

सगळं चांगलंच दिसतं. पण त्या पट्टीच्या टोकाला एक लाकडी धक्का आहे. शनिवारी सकाळी तिथे व्हिएतनामी आणि फिलिपिनो आजी-आजोबा बसलेले असतात. शेजारी रंगाच्या रिकाम्या बादल्या, कोंबडीची तंगडी बांधलेली गोल जाळी, थर्मासमध्ये चहा. एका आजोबांनी मला खेकडा मागून कसा धरायचा ते हाताने दाखवलं. मी म्हटलं, हे मला लहानपणापासून येतं, आणि धरून दाखवला, तर केवढे हसले! प्रस्तावाच्या नकाशात तो धक्का शोधला. सापडला नाही.

दोन आठवड्यांनी सुनावणी आहे. बोलायला तीन मिनिटं मिळतात. किनाऱ्याची अशी अदलाबदल न्याय्य होऊ शकते का? तुमचे अनुभव, मतं, सगळं लिहा. मला खरंच मदत हवी आहे.

दर्यासारंग

पार्किंग देऊन खाजण मिळतंय? ताई, विचार कसला करताय, होय म्हणून मोकळ्या व्हा! आणि त्या खेकड्याचं पुढे काय झालं? कालवण केलंत की सोडून दिलात? अर्धवट गोष्टी सांगू नका.

वकीलबुवा

चांगला विषय काढलात. थोडं मागून सांगतो, कारण तुमच्या तीन मिनिटांना त्याचा उपयोग होईल.

हवा, वाहतं पाणी, समुद्र आणि समुद्राचा किनारा हे सगळ्यांचं सामाईक आहे, हे सहाव्या शतकात सम्राट जस्टिनियनच्या रोमन कायद्याच्या ग्रंथात लिहून ठेवलेलं आहे. अमेरिकेत त्याला खरा दात फुटला तो १८९२ साली. इलिनॉयच्या विधिमंडळाने १८६९ मध्ये शिकागो बंदराजवळचा मिशिगन सरोवराचा हजार एकरांहून मोठा तळ एका रेल्वे कंपनीला देऊन टाकला होता. चार वर्षांनी त्यांनीच तो कायदा रद्द केला. कंपनी कोर्टात गेली आणि हरली. सर्वोच्च न्यायालयाचं म्हणणं असं की पोलीस बंदोबस्ताची जबाबदारी जशी सरकारला कुणाला विकता येत नाही, तशी अख्ख्या बंदराखालची जमीन सोडून देता येत नाही. विश्वस्त आहात, मालक नाही.

हाच विचार आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये हिमाचलातल्या बियास नदीच्या प्रकरणात उचलला. तेव्हापासून पब्लिक ट्रस्ट हा भारताच्याही कायद्याचा भाग आहे.

आता तुमच्या प्रश्नाकडे. कॅलिफोर्नियात अदलाबदलीला कायद्याने परवानगी आहे, पण अटी कडक आहेत. सरकार जी जमीन सोडणार ती पाण्यापासून तुटलेली, आता भरतीखाली न येणारी आणि ट्रस्टच्या कामाला फारशी न उरलेली हवी. घेणार ती ट्रस्टच्या कामाची हवी आणि किमतीला निदान तेवढीच हवी. नौकानयन आणि मासेमारी यांच्या लोकांच्या हक्कांना मोठी बाधा यायला नको. ताई, ही शेवटची अट अधोरेखित करून ठेवा. तुमचा धक्का तिथेच येतो.

ईस्ट_बे_नाना

चाळीस वर्षं झाली मला इथे. वकीलबुवांनी कायदा सांगितला, मी जागा सांगतो.

कॅलिफोर्निया १८५० मध्ये राज्य झालं तेव्हा भरती-ओहोटीची सगळी जमीन राज्याकडे आली. आणि राज्याने ती विकायला काढली! १८६८ मध्ये त्यासाठी खास मंडळ नेमलं. पाण्याखालच्या प्लॉटांचे नकाशे छापले, वर रस्ते आखले, त्यांना नावं दिली, लिलाव झाले. असा एक जुना नकाशा मी एका वाचनालयात टेबलावर पसरून बघितला आहे. चौकोनी चौकोनी प्लॉट ओळीने बेमध्ये शिरलेले, आणि त्याच कागदावर फिकट आकड्यांत पाण्याची खोली. बोट ठेवलं त्या प्लॉटवर कधी माती पडली नाही, आजही तिथून होड्या जातात. सॅन फ्रान्सिस्को शहरातली कचेऱ्यांची पेठ मात्र खरोखर भरावावर उभी आहे. सोन्याच्या शोधात आलेली माणसं जहाजं सोडून पळाली, ती जहाजं भरावात गाडली गेली. १९७८ मध्ये एका इमारतीचा पाया खणताना नायँटिक नावाचं जहाज सापडलं.

पण गंमत पुढे आहे. १९१३ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की अशी जमीन ज्यांनी विकत घेतली त्यांना नुसती मालकी मिळाली, लोकांचा हक्क जमिनीला चिकटून राहिला. आणि १९७१ मध्ये म्हणाले की लोकांचा हक्क म्हणजे फक्त जहाजं आणि मासे नव्हेत, ती जागा आहे तशी पक्ष्यांसाठी, पाण्यासाठी राखणं हासुद्धा त्यातच येतो.

अदलाबदलीचं एक मोठं उदाहरण रोज माझ्या खिडकीतून दिसतं. ट्रेझर आयलंड. १९३९ च्या जागतिक प्रदर्शनासाठी उथळ पाण्यात भराव टाकून केलेलं सुमारे चारशे एकरांचं बेट. शेजारी येर्बा बुएना, ते मुळातलं खडकाचं बेट. दोन्हींवर पुढे नौदल होतं, १९९७ मध्ये तळ बंद झाला. शहराला तिथे आठ हजारांपर्यंत घरं बांधायची होती. पण माणसाने बांधलेलं बेट पडलं पाण्याच्या तळावर, म्हणून ते ट्रस्टचं, घरं चालणार नाहीत. आणि खडकाचं बेट पहिल्यापासून कोरडं, म्हणून ट्रस्टमध्ये नाही. २००४ च्या कायद्याने अदलाबदल केली. सपाट बेटाच्या मधल्या भागावरचा ट्रस्ट उचलून खडकाच्या बेटावर ठेवला, आणि सपाट बेटाचा काठ सगळ्यांसाठी राखला. माझं प्रामाणिक मत, हे चांगलं झालं. आज तिथे काठाने चालायला कुणालाही मज्जाव नाही.

चेंबूरवासी

मी वेगळं बोलणार आहे, राग मानू नका.

घरांचं काय? बे एरिया असो की मुंबई, शिक्षिका, नर्स, बसचालक यांना कामाच्या दोन-दोन तास लांब राहावं लागतं. गोदामाचं उखडलेलं डांबर सातव्या पिढीसाठी राखून कुणाचं भलं? सरकारला तिथे घरं बांधता येत असतील आणि बदल्यात जिवंत खाजण मिळत असेल, तर धक्क्यावरच्या दहा माणसांसाठी ते अडवणं मला पटत नाही. त्या माणसांसाठी दुसरा धक्का बांधा.

मुंबईत आम्ही पाच माणसं एका खोलीत वाढलो. त्यामुळे मला जागेबद्दल हळवं होता येत नाही.

वरळीची_पोर

@चेंबूरवासी दादा, राग नाही. पण "दुसरा धक्का बांधा" हे वाक्य आमच्या कोळीवाड्यात खूपदा ऐकलंय, म्हणून सांगते.

धक्का म्हणजे सिमेंटचा तुकडा नाही. त्याच्यापुढे खडक कुठे आहे, ओहोटीला पाणी किती उरतं, वारा कुठून येतो, होडी लावून टोपली उतरवायला किती पावलं, हे सगळं मिळून धक्का. कोस्टल रोडच्या वेळी आमचं भांडण कशासाठी होतं? रस्त्यासाठी नाही, रस्त्याखालच्या खांबांसाठी. दोन खांबांत ६० मीटर अंतर ठेवलं होतं. बाहेर बसून बघणाऱ्याला ६० मीटर पुष्कळ वाटतं. पावसाळी वाऱ्यात, लाट आडवी घेऊन, दोन होड्या समोरासमोर येत असताना माझ्या बापाला विचारा ६० मीटर म्हणजे किती. पुष्कळ दिवस काम अडवून धरलं तेव्हा ते १२० झालं. आमची मागणी त्याहून जास्त होती.

आणि आमच्या बायकांचं वाळवण? बोंबील वलांडीवर टांगायला, जवळा अंथरायला मोकळी जागा लागते, वाऱ्याची. ती जागा कुठल्याच कागदावर आमच्या नावाची नाही. अदलाबदल करणारा कागद बघतो. कागदावर जे नाही त्याच्या बदल्यात काही द्यायचा प्रश्नच येत नाही ना.

लेक ताई, तुम्ही नकाशात धक्का शोधलात हे एकदम बरोबर केलंत.

नकाशावेडा

वरळीच्या ताईंनी नेमकं सांगितलं. माझा धंदा मोजणीचा, म्हणून थोडं कायद्याचं आणि थोडं चिखलाचं लिहितो.

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६, कलम २०. समुद्राचा, बंदरांचा आणि खाड्यांचा भरतीरेषेखालचा तळ राज्य सरकारच्या मालकीचा. एवढं स्वच्छ. भांडण सगळं "भरतीरेषा कुठली" यावर. १९९१ पासून सीआरझेडच्या, म्हणजे किनाऱ्यालगत काय बांधता येईल ते ठरवणाऱ्या, अधिसूचना आल्या, २०११ आणि २०१९ मध्ये त्या बदलल्या, आणि प्रत्येक वेळी सगळ्यांची नजर त्या एका रेषेवर. रेषा वीस मीटर सरकली की कुणाचा प्लॉट आत, कुणाचा बाहेर.

आणि रेषा जागच्या जागी राहत नाही. रायगडात हे रोज बघतो. खारबंदिस्तीला उधाणाच्या रात्री खांड पडली, दुरुस्ती वेळेत झाली नाही, पाणी शेतात शिरलं. चार-पाच पावसाळ्यांत भाताच्या जागी तिवरं उभी राहिली. सातबाऱ्यावर भात, जागेवर कांदळवन. २०१८ च्या मुंबई उच्च न्यायालयाच्या निकालाप्रमाणे कांदळवनाला आणि त्याच्या भोवतीच्या ५० मीटर पट्ट्याला संरक्षण आहे. निकाल मला मान्य आहे, तो नसता तर मुंबईच्या खाड्या आज बुजलेल्या असत्या. पण बांध फुटू दिला गेला त्या शेतकऱ्याने काय करायचं? त्याला ना शेत कसता येतं, ना सरकार ते बदलून घेतं. खरी अदलाबदल तिथे व्हायला हवी. ते खाजण घ्या आणि त्याला दुसरीकडे जमीन द्या.

दर्यासारंग

खांड पडलेल्या शेतात जिताडा मासा काय पोसतो! आमच्या मामाच्या गावी शेताच्या कोपऱ्यातल्या तळ्यात सोडायचे. पाहुणा आला की त्याच्याकडे आधी बघायचं आणि मग तळ्याकडे. कुणाला जिताडा आणि कुणाला नुसती निवटी, यावरून नात्याची किंमत कळायची.

पेणकर_बंधू

जिताड्याचा विषय निघाला की धाग्याचं बारसं झालं म्हणायचं. सरंग्याला डोक्यावर बसवणाऱ्यांनी एकदा खारेपाटचा जिताडा खाऊन बघावा. पुढचं बोलणं त्यानंतर.

उरण_जासई

मंडळी, परत विषयावर येतो.

आमच्याकडे जमिनीच्या बदल्यात जमीन हे शब्द रक्ताने लिहिलेले आहेत. नवी मुंबईसाठी १९७० पासून ९५ गावांच्या जमिनी घेतल्या. भातशेती, मिठागरं, खाजणं, सगळंच. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली लोक रस्त्यावर आले, दोन दिवसांत गोळीबारात पाच माणसं गेली. तेव्हा कुठे पुढे, १९९० मध्ये, संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली.

आजही लोक विचारतात, साडेबारा मिळाले ना, मग अजून कशाला रडता? त्यांना मी एवढंच सांगतो. ज्याच्या नावावर सातबारा होता त्याला भूखंड मिळाला. ज्याच्या नावावर फक्त खाडी होती त्याला काय? डोल जाळं लावणारा, कालवं खरवडणारी, चिखलात हात घालून चिंबोरी काढणारी, यांची जमीन नव्हती, त्यांची भरती होती. ती बंदराच्या भरावाखाली गेली. २०१५ मध्ये पुण्याच्या हरित लवादाने उरण भागातल्या १,६३० मच्छीमार कुटुंबांना सुमारे ९५ कोटी रुपये भरपाई द्या असा निकाल दिला. त्या निकालाचं मोल माझ्यासाठी पैशांत नाही. मासे मारण्याची जागा गेली म्हणजे काहीतरी गेलं, हे पहिल्यांदा कुणीतरी आकड्यात लिहिलं.

मांडवीकाठ

गोव्यातून लिहिते. आमची खाजणं शेकडो वर्षांची, आणि ती सरकारची नव्हती, एका माणसाचीही नव्हती. गावकरीची होती, म्हणजे गावाच्या सामाईक संस्थेची, पुढे जिला कोमुनिदाद म्हणतात तिची. बांध सगळ्यांनी राखायचा, मानशीच्या मासळीची पावणी, म्हणजे लिलाव, व्हायची, तो पैसा पुन्हा बांधाला.

मानस बघितलीय कधी? दगडी तोंड, आत लाकडी फळ्यांचे दरवाजे. भरतीचं पाणी चढायला लागलं की दरवाजे स्वतःच दाबून मिटतात, ओहोटीला आतलं पाणी त्यांना ढकलून बाहेर पडतं. मी लहानपणी तासन्‌तास हे बघत बसायची. दरवाजा मिटताना आधी एक बारीक शिट्टी वाजते, फटीतून पाणी येतं तेव्हाची, मग धप्प.

१९६४ च्या कूळ कायद्यानंतर बांधाची जबाबदारी कुळांच्या संघांकडे गेली. कूळ कायदा हवाच होता, त्याबद्दल मला शंका नाही. पण बांध राखणारी व्यवस्था बदलली आणि नवीन नीट उभी राहिली नाही. काही ठिकाणी कोळंबीसाठी मुद्दाम खारं पाणी आत घेतलं. म्हणून माझा प्रश्न ताईंना. ते खाजण सरकारच्या ताब्यात आल्यावर त्याची राखण कोण करणार, पैसा कुठून येणार, हे प्रस्तावात लिहिलंय का? खाजण नुसतं घेऊन उपयोग नाही.

चेंबूरवासी

वरळीची ताई आणि उरणचे दादा, तुमचं वाचून कालचं माझं वाक्य मलाच बोचलं. "दहा माणसं" म्हणायला नको होतं. मागे घेतो.

पण घरांचा मुद्दा सोडत नाही. २०२४ मध्ये केंद्राने मुलुंड, भांडुप, कांजूरमार्गची सुमारे २५६ एकर मिठागरांची जमीन धारावी पुनर्विकासातल्या घरांसाठी राज्याकडे द्यायचं ठरवलं. ही पण एका सरकारने दुसऱ्या सरकारला दिलेली किनाऱ्याचीच जमीन. तिथे माणसं राहायला जाणार आहेत, आणि तीही गरीब. याला काय म्हणायचं?

नकाशावेडा

@चेंबूरवासी, गरीब माणसाला घर हवं याबद्दल दुमत नाही. माझी हरकत वेगळी आहे. मिठागर ही खोलगट जागा. उधाण आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आला की पूर्व उपनगरांचं पाणी तिथे थांबतं. तिथे भराव टाकला की ते पाणी दुसऱ्याच्या घरात जाईल, बहुधा दुसऱ्या गरिबाच्याच. मोबदल्यात पाणी थांबायला दुसरी जागा कुणी दिली का, एवढं बघायचं.

आणि या जागा नक्की कुणाच्या यावरूनच आपल्याकडे सरकारं एकमेकांशी भांडतात. मेट्रो कारशेडसाठी २०२० मध्ये कांजूरमार्गची १०२ एकर जागा राज्याने दिली, केंद्राचा मीठ विभाग म्हणाला आमची, आणि डिसेंबरात उच्च न्यायालयाने काम थांबवलं. शेवटी कारशेड पुन्हा आरेत.

बुलेट ट्रेनच्या वेळी मात्र एक बरी गोष्ट झाली. आधी सुमारे ५३ हजार खारफुटीची झाडं जाणार होती. आखणी बदलून आकडा सुमारे २२ हजारांवर आणला, आणि मगच २०२२ मध्ये न्यायालयाची परवानगी मिळाली. म्हणजे "दुसरं काही करताच येत नाही" हे पहिल्या नकाशावर म्हणतात. दुसरा नकाशा मागितला की करता येतं. लेक ताई, दुसरा नकाशा मागा.

खारेपाटची_लेक

सगळ्यांचे मनापासून आभार. रात्री सगळं वाचून काढलं आणि मग बाबांना फोन लावला.

बाबा ७८ वर्षांचे. आजोबा चरी गावच्या शेतकरी संपाच्या काळातले, १९३३ ते ३९, नारायण नागू पाटलांच्या सभांना चालत गेलेले. सहा वर्षं शेतं ओस टाकली पण खोताला खंड दिला नाही, हे आमच्या घरात पोथीसारखं सांगितलं जातं. बाबांना प्रस्ताव समजावून सांगितला. त्यांनी पहिला प्रश्न केला, "त्या खाजणाला उघाडी कुठंय?" उघाडी म्हणजे पाणी आत-बाहेर करायचं बांधातलं तोंड.

मला माहीत नव्हतं. ते म्हणाले, पाणी येतं ते कुठून येतं ते बघ आधी. एकाच नळातून येत असेल तर तो नळ ज्याच्या जमिनीत, खाजण त्याचं. उद्या त्याने तोंड बुजवलं की तुझ्या सरकारकडे सुकलेला चिखल. "एकराला एकर लावून बघू नको. भरतीला भरती लाव."

काल संध्याकाळी ओहोटीला बूट घालून तिथे गेले. बाबांचं बरोबर निघालं. पाणी एका मोठ्या सिमेंटच्या पाइपातून येतं, आणि तो पाइप बिल्डरच्या उरलेल्या जमिनीखालून जातो. तोंडाशी लोखंडी झडप आहे, गंजून अर्धी उघडी अडकलेली. ती अडकली आहे म्हणून ते खाजण जिवंत आहे!

वकीलबुवा

ताई, तुमच्या वडिलांना माझा नमस्कार सांगा. पाच हजार पानांच्या अहवालात मी हा प्रश्न पाहिलेला नाही.

दोन गोष्टी लिहून घ्या. पाइप आणि त्याच्यापर्यंत जायची वाट, दोन्हींवर ट्रस्टचा कायमचा हक्क नोंदवून मागा. नुसतं बिल्डरचं आश्वासन नको, जमिनीच्या दस्तऐवजातच हवं. आणि दुसरं, कॅलिफोर्नियाच्या राज्यघटनेत १९१० पासून लिहिलंय की राज्याच्या सार्वजनिक जमिनीवरून मासे मारायचा लोकांना हक्क आहे, आणि राज्याची जमीन विकताना किंवा हस्तांतरित करताना तो राखून ठेवायचा. कोर्टांनी त्याला काही मर्यादा घातल्या आहेत, तरी तीन मिनिटांत हे एक वाक्य म्हणाच.

मांडवीकाठ यांचा राखणीच्या पैशांचा मुद्दाही सोडू नका. जिथे जमिनीच्या बदल्यात थोडी रक्कम घेतली जाते तिथे ती राज्याच्या एका खास निधीत जाते, आणि त्यातून पुन्हा ट्रस्टसाठीच जमीन घ्यायची असते. म्हणून राखणीचा खर्च त्यातून निघेल असं धरू नका, तो वेगळा मागा.

ईस्ट_बे_नाना

धक्क्याबद्दल एक गोष्ट सांगायची राहिली. कॅलिफोर्नियात मासे मारायला परवाना लागतो, पैसे भरावे लागतात. सार्वजनिक धक्क्यावरून मारायला लागत नाही. म्हणून तिथे म्हातारी आणि गरीब माणसं दिसतात. धक्का खासगी झाला किंवा दोन मैल लांब गेला, तर त्या आजोबांसाठी तो नसल्यातच जमा.

आणि घाबरू नका बोलायला. १९६१ मध्ये बर्कलीच्या तीन बायकांनी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून बे वाचवायची चळवळ सुरू केली. त्यांच्या शहराला बेमध्ये भराव टाकून स्वतःचा आकार जवळजवळ दुप्पट करायचा होता. चार वर्षांत राज्याने भरावावर नियंत्रणासाठी आयोग नेमला.

वरळीची_पोर

ताई, सुनावणीला त्या आजोबांना घेऊन जा. तुम्ही त्यांच्याबद्दल बोलण्यापेक्षा ते तिथे दिसू देत.

खारेपाटची_लेक

उशीर झाला लिहायला, माफ करा. सुनावणी मंगळवारी झाली.

मी घरांना विरोध केला नाही. चेंबूरवासी, तुमचा मुद्दा मनात होता, आणि माझ्या मुलीची शिक्षिकाच रोज दीड तास गाडी चालवून येते. मी म्हटलं, अदलाबदल करा, पण धक्का आणि धक्क्यापर्यंतची वाट ट्रस्टमध्येच ठेवा, पट्टीचा बाकीचा भाग घ्या. मग पाइपाचे फोटो दाखवले, ओहोटीचा आणि भरतीचा. सल्लागार बाईंनी पुढे वाकून विचारलं, "हा कुठे आहे?" त्यांच्या नकाशात पाइपही नव्हता.

आजोबा आले होते, नातीला घेऊन. ते व्हिएतनामीत बोलले, तिने इंग्रजीत सांगितलं. ते म्हणाले, या देशात आल्यावर पहिली नोकरी लागेपर्यंत घरात जे मांस-मच्छी शिजली ती त्या धक्क्यावरची. एवढंच बोलले आणि बसले. सभागृहात बराच वेळ कुणी कागद हलवला नाही.

निर्णय पुढे ढकलला आहे. धक्का, वाट आणि पाइप दाखवणारा नवीन नकाशा आणि राखणीच्या खर्चाचा तपशील सहा आठवड्यांत द्यायला सांगितलं. काय होईल ते इथेच लिहीन.

दर्यासारंग, तुमचं राहिलंय. कालवण केलं होतं. बारीक नांग्या ठेचून, वाटून, ते पाणी फडक्यातून गाळून घ्यायचं, रस्सा त्याच्यावरच येतो. खोबरं भाजलेलं, आणि आंबटाला चिंच.

दर्यासारंग

चिंच? खेकड्याला? ताई, यावर वेगळा धागा काढावा लागेल. पण नवीन नकाशा आला की आधी तो टाका.